घरच्या काँप्युटरचा ॲडमिन कोण असावा?

तालुक्याच्या दुकानातून जमवून आणलेला काँप्युटर असो की नवा लॅपटॉप, खेड्यातल्या घरी तो बहुतेक वेळा एकच अकाउंट घेऊन येतो. नाव 'ॲडमिन', 'पीसी' किंवा दुकानदाराला त्या वेळी सुचलं ते. पासवर्ड नाही. घरातले सगळे त्यातच. बाबा महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज भरतात, सूनबाई बचत गटाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवते, मोठा एमपीएससीच्या पीडीएफ गोळा करतो, धाकटी मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करते आणि उन्हाळ्याच्या सुटीत आलेले पोट्टे गेम टाकतात. यातल्या प्रत्येकाला त्या यंत्रात काहीही बसवायची, काहीही पुसायची, अँटिव्हायरस बंद करायची पूर्ण मुभा असते. ती आपल्याला आहे, हे मात्र कोणाला ठाऊक नसतं.

शेतातल्या मोटारपंपाचा स्टार्टर घरातलं कोणीही दाबतं, पण डीपीवरचा फ्यूज टाकायला लाइनमनच लागतो. (गावात फ्यूज कोण टाकतं ते आपल्याला माहीत आहे, आणि त्यात काय होतं तेही.) विंडोजमध्ये हीच वाटणी स्टँडर्ड आणि ॲडमिनिस्ट्रेटर अशा दोन प्रकारच्या अकाउंटनी केलेली आहे. फायली उघडणं, टाइप करणं, इंटरनेट, प्रिंट, वायफाय जोडणं, वॉलपेपर बदलणं हे सगळं स्टँडर्डमध्ये होतं. सगळ्या यंत्राला लागू होणारा बदल करायचा असेल तर ॲडमिन लागतो: प्रोग्राम फाइल्समध्ये सॉफ्टवेअर बसवणं, ड्रायव्हर (प्रिंटरसारखं जोडलेलं यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) टाकणं, विंडोजच्या फोल्डरला हात लावणं, दुसऱ्याचं अकाउंट बनवणं किंवा पुसणं, घड्याळाची वेळ बदलणं.

आपलं अकाउंट कोणतं ते पाहायला सेटिंग्ज उघडा, अकाउंट्समध्ये जा, युवर इन्फो दाबा. नावाखाली 'ॲडमिनिस्ट्रेटर' लिहिलेलं असेल तर ॲडमिन. लिहिलेलं नसेल तर स्टँडर्ड.

२००१ च्या विंडोज एक्सपीपर्यंत ॲडमिन म्हणजे प्रत्येक क्षणी ॲडमिन होता. त्याने उघडलेला ब्राउझर, त्याने वाजवलेलं गाणं, त्याने टिचकी मारलेली फाइल, सगळं पूर्ण अधिकाराने चालायचं. २००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हा यूजर अकाउंट कंट्रोल (यूएसी) आलं. तेव्हापासून ॲडमिन लॉगिन झाला की विंडोज त्याच्या नावाचे दोन परवाने तयार करते, एक साधा आणि एक पूर्ण. रोजचं काम साध्यावर चालतं. एखाद्या प्रोग्रामला पूर्ण अधिकार लागले की पडदा काळवंडतो, मधोमध चौकट येते आणि यस की नो विचारते. स्टँडर्ड अकाउंटमध्ये तीच चौकट येते, पण यसच्या आधी ॲडमिनचा पासवर्ड मागते.

ही चौकट वाचायची असते, नुसती घालवायची नसते. वरची पट्टी निळी असेल तर प्रोग्रामवर कंपनीची तपासलेली सही आहे. पट्टी पिवळी आणि खाली 'पब्लिशर : अननोन' असं असेल तर तो कोणी बनवला ते विंडोजला माहीत नाही. पिवळी पट्टी म्हणजे विषाणूच असं नाही, कितीतरी जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं पिवळ्या पट्टीनेच येतात. पण प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणून काढलेल्या फाइलवर पिवळी पट्टी दिसली तर थांबायचं. 'शो मोअर डीटेल्स' दाबलं की फाइल नेमकी कोणत्या फोल्डरातून चालू होतेय ते दिसतं. आणि आपण काहीच सुरू केलं नसताना चौकट उगवली तर उत्तर एकच, नो. खरंच गरज असेल तर ती परत येईल.

दुकानात जमवलेल्या यंत्रांत ही चौकट बंदच केलेली सापडते. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येऊ नये एवढाच हेतू असतो, पण परिणाम वाईट. स्टार्टमध्ये यूएसी टाइप करा, 'चेंज यूजर अकाउंट कंट्रोल सेटिंग्ज' उघडा. चार खुणांची उभी पट्टी दिसेल. दांडी तळाला असेल तर निदान वरून दुसऱ्या खुणेवर आणा. अगदी वरची खूण अधिक बरी, कारण दुसऱ्या खुणेवर विंडोजचे स्वतःचे काही प्रोग्राम न विचारता पूर्ण अधिकार घेतात आणि घुसखोर नेमका त्याच वाटेचा फायदा उठवतात.

आता मुख्य काम. घाई केली तर इथेच घोळ होतो. रोजचं अकाउंट तसंच ठेवायचं आणि ॲडमिन नवा बनवायचा. उलटं केलं, म्हणजे जुन्याला ॲडमिन ठेवून रोजच्यासाठी नवं अकाउंट काढलं, तर सगळ्या फायली, ब्राउझरचे पासवर्ड, डेस्कटॉप नव्या घरी न्यावं लागतं, आणि चार दिवसांत सगळे जुन्याच अकाउंटमध्ये परत जातात.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, ॲड अकाउंट. विंडोज १० मध्ये याच ठिकाणी 'फॅमिली अँड अदर यूजर्स' असतं. ईमेल मागेल तिथे 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' दाबा, पुढच्या पानावर 'ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'. नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं, मधे जागा न सोडता द्या. सी ड्राइव्हवरच्या यूजर्समध्ये याच नावाचा फोल्डर तयार होतो. पुढे अकाउंटचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही, आणि जुनी सॉफ्टवेअरं देवनागरी नावाच्या फोल्डरपुढे हात टेकतात.

पासवर्ड दिला की तीन सुरक्षा प्रश्न येतात. पहिली शाळा कोणती, जन्मगाव कोणतं, लहानपणी काय नावाने हाका मारायचे, सर्वात मोठ्या चुलत भावाचं नाव काय. शहरात हे प्रश्न कदाचित गुपित राखत असतील. खेड्यात शाळा एकच, जिल्हा परिषदेची, आणि टोपणनाव तर पारावर बसलेल्या कोणालाही विचारा. म्हणून खरी उत्तरं देऊच नका. काहीतरी अवांतर लिहा आणि ते पासवर्डसोबत कागदावर नोंदवून सातबाराच्या फाइलमध्ये ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये हा उपदेश ऑफिसाला ठीक आहे. घरी कपाटातल्या कागदाइतकी भरवशाची जागा नाही.

नवं अकाउंट स्टँडर्ड म्हणून जन्माला येतं. त्याच्या नावावर टिचकी मारा, चेंज अकाउंट टाइप, ॲडमिनिस्ट्रेटर, ओके. आता साइन आउट करून नव्या अकाउंटमध्ये एकदा प्रत्यक्ष आत जाऊन पाहा. पासवर्ड चालतो, नावाखाली ॲडमिनिस्ट्रेटर दिसतं, एवढी खात्री झाली की तिथूनच जुन्या अकाउंटचा प्रकार स्टँडर्ड करा. खात्री न करता जुन्याचे अधिकार काढले आणि नव्याचा पासवर्ड चुकीचा टाइप झालेला निघाला, तर घराला कुलूप आणि किल्ली आत.

ॲडमिनला पासवर्ड हवाच. तो रिकामा असेल तर स्टँडर्ड अकाउंटमधून चौकट आल्यावर कोणीही पासवर्डची जागा कोरी सोडून यस दाबतो आणि पुढे जातो. मग एवढं केलं कशाला?

प्रत्येकाला वेगळं अकाउंट द्यायचं का? चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर मी दोन-तीनच्या वर जाणार नाही. बाबा आणि सूनबाईचं एक, शिकणाऱ्या पोरांचं एक, पाहुण्या पोट्ट्यांचं एक, हे पुरतं. आणि सगळ्यांना साइन आउट करायची सवय लावा. 'स्विच यूजर' केलं की आधीच्याचा ब्राउझर मागे रॅम धरून बसतो आणि नंतरचा म्हणतो, काँप्युटर स्लो झाला.

पहिल्या आठवड्यात "काहून रे, हे आता पासवर्ड काहून मागून राहिलं?" असा प्रश्न येणार. वैतागून 'देऊन टाक ॲडमिन' म्हणण्याचा मोह इथेच होतो. पण जवळपास प्रत्येक अडचणीला नेमका छोटा उपाय असतो. नेहमी येणाऱ्या अडचणी सांगतो.

फाँट. कृतिदेव किंवा शिवाजी डबल-क्लिक करून इन्स्टॉल केला तर विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत तो फक्त त्या अकाउंटपुरता बसतो. पासवर्ड मागत नाही, त्यामुळे काम झालं असं वाटतं. मग दुसऱ्या अकाउंटमध्ये लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि काही जुन्या प्रोग्रामांना तर त्याच अकाउंटमध्येही फाँट सापडत नाही. फाइलवर राइट-क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' घ्या, ॲडमिनचा पासवर्ड एकदा टाका. प्रश्न मिटला.

तारीख. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल गेला की लाइट जाऊन येताच काँप्युटर कितीतरी वर्षं मागे जातो. ब्राउझर 'तुमचं घड्याळ मागे आहे' म्हणून बँकेची, सरकारी, सगळी पानं अडवतो, आणि स्टँडर्ड अकाउंटला वेळ बदलता येत नाही. इंटरनेटवरून आपोआप दुरुस्त होईल म्हणावं तर घरच्या यंत्रात विंडोजची वेळ-सेवा साधारण पंधरा तासांपर्यंतचाच फरक भरून काढते. त्यापेक्षा मोठा फरक दिसला की ती हात लावत नाही. म्हणून बाबांना ॲडमिन करायचं नाही, सेल बदलायचा. तीन व्होल्टचं ते बटण घड्याळजीकडे मिळतं.

जुनी हिशेबाची किंवा टायपिंगची सॉफ्टवेअरं हा सर्वात फसवा प्रकार. एक्सपीच्या काळातले हे प्रोग्राम आपली डेटा फाइल स्वतःच्याच फोल्डरात, प्रोग्राम फाइल्समध्ये, लिहायला जातात. तिथे लिहायची परवानगी साध्या परवान्याला नसते. मग विंडोज एक युक्ती करते. ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रामला 'लिहिलं' असं भासवते आणि फाइल त्या अकाउंटच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात गुपचूप ठेवते. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. त्या अकाउंटमधून उघडलं की नोंदी दिसतात, दुसऱ्या अकाउंटमधून उघडलं की त्या नाहीत. आणि मधेच कोणी शहाण्याने 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलं की प्रोग्राम व्हर्च्युअलस्टोअर सोडून मूळ जागेची जुनी फाइल वाचतो. घरात बोंब होते, वर्षाचा हिशेब गेला! गेलेला नसतो. त्या अकाउंटच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये सुखरूप असतो. ॲपडेटा लपलेला फोल्डर आहे, तो दिसायला एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करावं लागतं.

आधी दोन्ही फायलींची पेनड्राइव्हवर प्रत काढा. मग प्रोग्राम काढून सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, स्वतंत्र फोल्डरात बसवा. तिथे लिहायला अडचण येत नाही. तसं जमत नसेल तर त्याच्या फक्त डेटाच्या फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, यादीत 'यूजर्स' निवडून मॉडिफायच्या अलाउवर खूण. फुल कंट्रोल नको. पूर्ण प्रोग्रामच्या फोल्डरला तर ही परवानगी देऊच नका. तसं केलं तर कोणत्याही अकाउंटमधून मूळ प्रोग्रामच्या जागी दुसरीच फाइल ठेवता येते, आणि पुढे ॲडमिन ती चालवतो तेव्हा ती पूर्ण अधिकाराने चालते.

प्रत्येक आयकॉनला 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ची कायमची खूण करून ठेवणारे लोक असतात. त्याचा एक मजेदार त्रास म्हणजे डेस्कटॉपवरचा फोटो ओढून त्या प्रोग्राममध्ये टाकता येत नाही. साध्या परवान्यावरच्या एक्सप्लोररने पूर्ण परवान्यावरच्या खिडकीत काही टाकलेलं विंडोज चालू देत नाही. लोक माउस बदलतात.

प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, आधारसाठी बोटांचे ठसे घेणारं यंत्र यांचे ड्रायव्हर बसवताना ॲडमिन एकदाच लागतो. नंतर ते सगळ्या अकाउंटांत चालतात.

उलट बाजूही सांगायला हवी. क्रोमसारखे काही प्रोग्राम पासवर्ड न मागता नुसत्या त्या अकाउंटपुरते बसू शकतात, म्हणून स्टँडर्ड अकाउंटमध्ये काहीच बसत नाही असं समजू नका. खंडणी मागणाऱ्या विषाणूला तुमच्या फायली कुलूपबंद करायला ॲडमिन लागतच नाही. ज्या फायली तुम्हाला बदलता येतात त्या त्यालाही येतात. स्टँडर्ड अकाउंटने फायदा एवढाच की दुसऱ्यांची अकाउंटं आणि विंडोज वाचतात. म्हणून बचत गटाच्या हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर हवी, आणि प्रत काढून झाली की पेनड्राइव्ह काढून ठेवायचा. 'बँकेतून बोलतोय' म्हणत एनीडेस्क (आपला पडदा दुरून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकायला लावणाऱ्यालाही हे अकाउंट पूर्ण थोपवत नाही. त्याला पडदा आणि उघडी बँकेची साइट दिसतेच. इथे फोन कट करणं हाच उपाय. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

विकतचा गेम फुकटात चालवून देणाऱ्या क्रॅकबद्दल मात्र मी अजिबात ढील देणार नाही. 'आधी डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) बंद करा, मग ॲडमिन म्हणून चालवा' असं सांगणारी फाइल काय करणार आहे ते तिनेच सांगून टाकलेलं असतं. विंडोजच्या फुकट ॲक्टिव्हेटरांचंही तेच. पोट्ट्यांच्या अकाउंटला ॲडमिनचा पासवर्ड माहीत नसणं, हे सगळ्या खटाटोपाचं अर्धं कारण.

फायलींच्या परवानग्यांत तीन गोष्टी वारंवार आडव्या येतात. एक, डी ड्राइव्ह. अकाउंटं वेगळी केली तरी डी ड्राइव्हवर सगळ्यांना सगळं बदलता आणि पुसता येतं, ती तिथली मूळ मांडणीच आहे. एखादा फोल्डर आपल्यापुरता करायचा तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, 'डिसेबल इनहेरिटन्स', त्यात 'कन्व्हर्ट'वाला पर्याय. आधी आपलं नाव ॲड करून मॉडिफाय द्या, मग 'यूजर्स' आणि 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' या दोन ओळी काढा. सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स राहू द्या. डिनायची खूण कधीच वापरू नका. 'यूजर्स'ला डिनाय केलं की त्या गटात तुम्हीही येता, आणि डिनाय अलाउच्या वर बसतं.

दुसरी, कट-पेस्ट. सूनबाईने आपल्या डॉक्युमेंट्समधून फाइल कट करून सगळ्यांसाठीच्या पब्लिक फोल्डरात टाकली, तरी इतरांना ती उघडत नाही. त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते. कॉपी-पेस्ट केलं तर नव्या जागेच्या परवानग्या लागतात. म्हणून कॉपी करा, मग मूळ पुसा.

तिसरी, जुनी हार्डडिस्क. यंत्र बिघडलं, डिस्क काढून दुसऱ्याला जोडली, फोल्डर उघडताना 'यू डोन्ट हॅव पर्मिशन' आलं. सिक्युरिटीच्या यादीत नावाऐवजी 'एस-१-५-२१' ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसेल. विंडोज माणसाला नावाने नाही, या आकड्याने ओळखते, आणि नव्या यंत्राला जुना आकडा ओळखीचा नसतो. ॲडमिन अकाउंटमधून 'कंटिन्यू' दाबून बहुधा काम होतं. नाही झालं तर ॲडव्हान्स्डमध्ये ओनरपुढचं चेंज दाबून आपलं नाव द्या आणि 'सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स'च्या चौकटीत खूण करा. हे फक्त आपल्या फायलींच्या फोल्डरवर करायचं. पूर्ण सी ड्राइव्हचा मालक बदललात तर विंडोजच लंगडी होते.

जूनच्या तोंडावर वारं-वावधान सुटतं आणि लाइट दिवसातून दहादा जाते, तेव्हा आणखी एक प्रकार पुढे येतो. झटक्याने बंद पडलेल्या यंत्रात अकाउंटची नोंद खराब होते, आणि पुढच्या वेळी कोरा डेस्कटॉप आणि 'टेम्पररी प्रोफाइल'ची सूचना येते. फायली पुसल्या गेलेल्या नसतात, यूजर्समधल्या आपल्या नावाच्या फोल्डरात जागच्या जागी असतात. या तात्पुरत्या डेस्कटॉपवर काहीही सेव्ह करू नका, साइन आउट होताच ते पुसलं जातं. एक-दोनदा रीस्टार्ट करा, बरेचदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर वेगळा ठेवलेला ॲडमिन इथे कामी येतो. त्यातून आत जा, आधी त्या फोल्डरातल्या फायली पेनड्राइव्हवर काढा, मग दुरुस्ती करणाऱ्याला बोलवा. एकच अकाउंट असलेल्या घरात हाच माणूस फॉरमॅट मारून मोकळा होतो.

नव्या लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक पाहायचं. विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागते. गिऱ्हाइकाकडे ईमेल नसला की दुकानदार स्वतःचाच टाकून देतो. मग त्या लॅपटॉपचा ॲडमिन कागदोपत्री तो दुकानदार. डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच्याच अकाउंटमध्ये जमा होते. पुढे मदरबोर्ड बदलला, बायोस अपडेट झालं आणि निळ्या पडद्याने ती की मागितली, तर ती सांगणारा माणूस कदाचित दुकान बंद करून गेलेला असेल. सेटिंग्ज, अकाउंट्स, युवर इन्फोमध्ये अनोळखी ईमेल दिसला तर आधी वर सांगितल्याप्रमाणे आपला ॲडमिन बनवा. मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. चालू असेल तर एकदा बंद करा, डिस्क उलगडून होईपर्यंत चार्जर काढू नका, काम अर्ध्यावर असताना यंत्र बंद करू नका. पूर्ण झाल्यावर अनोळखी ईमेलवालं अकाउंट काढा, पण त्याच्या डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधलं बाहेर काढल्यावरच. अकाउंट पुसताना विंडोज त्यातल्या फायलीही पुसते, आणि त्या रिसायकल बिनमध्ये जात नाहीत.